साठ शब्दांचा प्रश्न

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ एका रक्तपेढीत प्रोग्रॅमर होता. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. पन्नाशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी धाकटाच. पदवी-बिदवी काही नव्हती. रक्तपेढीत तो लागला तो पिशव्यांवर लेबलं चिकटवायला. तिथे कोपऱ्यात एक कम्प्युटर धूळ खात पडला होता. कुणी हात लावत नाही म्हणून याने लावला, आणि तीन वर्षांत पेढीच्या सगळ्या नोंदी त्यावर आणल्या. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कोणती कधी घेतली, कोणती कोणत्या तारखेला बाद होते, सगळं. फ्रिजमधून पिशवी बाहेर काढायची तर त्याच्या प्रोग्रॅमने छापलेली चिठ्ठी लागे. चिठ्ठी नाही तर पिशवी नाही. सव्वीस वर्षं हे असं चाललं.

मी नेमका उलटा. प्रोग्रॅमिंग शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, दोन पाठ्यपुस्तकं लिहिली, पण ज्याच्यावाचून कुणाचं काही अडेल असा एकही प्रोग्रॅम माझ्या हातून झाला नाही. याची मला लाज वाटायची, आणि ती लपवायला मी आणखी वाचायचो. निवृत्त झाल्यावर प्रोग्रॅमरांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने परीक्षेचे प्रश्न काढायला मला बोलावलं, तेव्हा वाटलं, चला, एवढं तरी आपल्याला जमेल.

धाकट्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असे.

"भाऊजी म्हणजे पोहण्यावर पुस्तक लिहिलेला माणूस," तो म्हणायचा, "आणि मी विहिरीत ढकललेला."

"दोघेही हात धुवा आणि पानावर बसा," बायको म्हणायची. "एकदा बोलायला लागलात की घरात दोन मशिनं खडखडताहेत असं वाटतं."

जेवताना तो पेढीतल्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक मला फार आवडायची. तीन-चार वेळा तरी मी ती त्याच्याकडून वदवून घेतली असेल. प्रोग्रॅम लिहिल्यानंतरचं ते पहिलंच लीप वर्ष होतं, आणि याने फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा धरलेला. मार्चमधल्या एका दुपारी तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी पिशवी हातात धरून सहज विचारलं, "अहो, ही काल बाद व्हायला नको होती का?" याने बोटांवर मोजलं आणि चूक लक्षात आली. फेब्रुवारीत घेतलेली प्रत्येक पिशवी प्रोग्रॅम एक दिवस जास्त चालवत होता. आणि नेमकं त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलात एका बाईचं ऑपरेशन चालू होतं. रक्त थांबत नव्हतं. दर काही मिनिटांनी पिशवी न्यायला माणूस जिना चढून येत होता.

"मग रे?" बायको विचारायची, सगळं ठाऊक असून.

"मग काय! प्रोग्रॅम बंद केला तर चिठ्ठी बंद, चिठ्ठी बंद तर पिशवी बंद. चालत्या प्रोग्रॅमलाच हात घातला. बारा मिनिटं लागली. तोवर बाई एकेक तारीख डोळ्यांनी वाचून पिशवी देताहेत, आणि माझी बोटं अशी थरथरताहेत की पाच दाबायला जावं तर सहा उमटतोय. मग फ्रिज उघडून चार पिशव्या हाताने बाजूला काढल्या. साहेबांना सांगितलं ते संध्याकाळी, चहा प्यायल्यावर."

"आणि ती बाई?"

"आठवड्याने घरी गेली. चालत. मी खिडकीतून पाहिली."

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी तिचा प्रश्न केला.

मंडळाचा नियम असा होता की कोणताही प्रश्न, पर्यायांसकट, साठ शब्दांपेक्षा मोठा नको. परीक्षार्थीचा वेळ वाचण्यात जाऊ नये. मी लिहिलं, एका रक्तपेढीच्या प्रोग्रॅममध्ये तारखेची चूक सापडली आहे, बाद झालेल्या पिशव्या चांगल्या दाखवल्या जात आहेत, प्रोग्रॅमरने काय करावं? पर्याय पहिला: चालू प्रोग्रॅममध्ये लगेच दुरुस्ती करून नंतर वरिष्ठांना कळवावं. पर्याय दुसरा: प्रोग्रॅममधून पिशव्या देणं थांबवून वरिष्ठांना कळवावं, दुरुस्ती प्रतीवर करावी आणि दुसऱ्या कुणी तपासल्यावरच ती चालू प्रोग्रॅममध्ये घालावी. आणखी दोन पर्याय होते, ते उगाच भरीचे. बरोबर उत्तर दुसरा. कुठलंही पुस्तक उघडलं तरी हेच उत्तर मिळेल, आणि ते योग्यच आहे. घाईत एकट्याने केलेल्या दुरुस्तीतून नवी चूक शिरते, हे मी आयुष्यभर शिकवत आलो.

पहिल्या मसुद्यात मी ऑपरेशनही घातलं होतं. शब्द मोजले तर सहासष्ट भरले. 'खाली एका बाईचं ऑपरेशन चालू आहे' एवढं वाक्य काढलं आणि प्रश्न बरोब्बर साठात बसला. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करायला हवं. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रश्न मंडळाच्या पेटीत जाऊन पडला. मीही तो विसरलो म्हटलं तरी चालेल.

नंतर दुसऱ्या एका शहरात वाईट घडलं. एका तपासणी प्रयोगशाळेत कुणा हौशी माणसाने चालू प्रोग्रॅममध्ये बदल केला आणि दोन रोग्यांचे अहवाल एकमेकांच्या नावावर गेले. एक दगावला. मग नियम आला की जिथे माणसाच्या जिवाचा संबंध आहे तिथल्या प्रोग्रॅमला प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. मुदत वर्षअखेरपर्यंत. परीक्षा वर्षातून दोनदा, शंभर प्रश्न, पास व्हायला सत्तर गुण.

मला वाटलं होतं धाकटा चिडेल. तो उलट म्हणाला, "बरोबरच आहे की. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सर्टिफिकेट लागतं. आम्हाला नको? मला कुणी कधी विचारलंच नाही, तुला येतं का म्हणून. येतंय असं समजून सगळे गप्प बसले."

पहिल्या खेपेला त्याला अठ्ठावन्न पडले.

"जे मी रोज करतो त्याला नावं असतात हे मला कुठे ठाऊक होतं, भाऊजी? पंचवीस वर्षं संसार करावा आणि कुणीतरी येऊन बायकोचं शास्त्रीय नाव विचारावं, तसं झालं."

"तुला कुठली बायको!" त्याची ताई, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "मेल्या, उपमा तरी स्वतःची दे." आणि मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही एवढ्या जगाला शिकवलंत. याला शिकवा."

इथे माझी पंचाईत झाली. आमच्याकडून मंडळ दर वर्षी एक कागद भरून घेई: निकटचा नातेवाईक परीक्षेला बसत आहे काय? खाली यादी होती. पती, पत्नी, मुलं, भावंडं. मेहुणा त्यात नव्हता. मी तो कागद बराच वेळ समोर घेऊन बसलो. फोन करून विचारता आलं असतं. पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलणं मी नेहमीच टाळत आलो. यादीत नाही ना, मग 'नाही' लिहायचं, असं मी ठरवलं आणि सही केली.

सही केली खरी, पण मन खात राहिलं. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. ज्या प्रकरणांतून मी प्रश्न काढले आहेत ती प्रकरणं त्याला शिकवायची नाहीत. नाहीतर ते पेपर फोडल्यासारखंच की. तेव्हा मला हे फार प्रामाणिकपणाचं वाटलं होतं.

पाच महिने तो रविवारखेरीज बुधवारीही यायचा. चष्मा कपाळावर सरकवून, शाळेतल्या मुलासारखा वहीत समास आखून लिहायचा. त्याला सगळं येत होतं, फक्त उलट्या बाजूने. मी नाव सांगितलं की तो म्हणायचा, "हां हां, म्हणजे ते आपलं अमुक होय!" आणि आपल्याच एखाद्या जुन्या चुकीची गोष्ट सांगायचा. खरं सांगायचं तर त्या महिन्यांत मीच जास्त शिकलो. मग चालू प्रोग्रॅममध्ये बदल कसे करावेत ते प्रकरण आलं. मी पानं उलटली.

"हे तुझं तू वाच."

"हे काय वाचायचं? हे तर माझं रोजचंच आहे," तो म्हणाला, आणि आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तो थेट आमच्याकडे आला. बूट न काढताच आत. "ताई, चहा टाक. या वेळी जमलं बहुतेक." मग माझ्याजवळ येऊन, आवाज खाली आणून, "भाऊजी, एक प्रश्न तर अगदी घरचाच होता! रक्तपेढी, तारीख, पिशव्या, सगळं."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र मी तसंच धरून ठेवलं. "काय लिहिलंस?"

"म्हणजे काय? पहिला पर्याय. जे केलं तेच."

त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हणालो, "असं का. बरं बरं." तो चहा पिऊन, ताईच्या पाठीत धपाटा घालून, शीळ वाजवत गेला.

निकाल लागला. एकोणसत्तर.

"एका मार्काने?" बायको म्हणाली. "अहो, भाजीवालासुद्धा वर एक टाकतो! तुमचं कसलं हो हे मंडळ?"

"तसं नाही करता येत."

"मग काय करता येतं तुम्हाला?"



निकालानंतर दहा दिवसांत परीक्षार्थी एखाद्या प्रश्नावर हरकत घेऊ शकतो. हरकत ज्याने प्रश्न काढला त्याच्याकडेच मतासाठी जाते. वर नाव नसतं, नुसता क्रमांक. अकराव्या दिवशी माझ्याकडे एक हरकत आली. तिच्यात लिहिलं होतं: 'प्रश्नात खालच्या मजल्याबद्दल काही सांगितलेलं नाही. खाली कुणी टेबलावर असेल तर पिशव्या थांबवता येत नाहीत. तेव्हा पहिला पर्यायही बरोबर धरावा ही विनंती.' अक्षर छापील असलं तरी माणूस कळायचा राहतो थोडाच.

प्रश्न सदोष आहे एवढं मी लिहिलं असतं, तर तो रद्द होऊन सगळ्यांना एकेक गुण मिळाला असता. किंवा नुसतं लिहिलं असतं की हा परीक्षार्थी माझा मेहुणा आहे, हे दुसऱ्या कुणाकडे द्या. दोन्हीपैकी एक तरी करायला हवं होतं. दुसरं करायचं तर विचारलं असतं, आधी का नाही सांगितलंत. आणि पहिलं करायला बसलो की मनात यायचं, तो तुझा मेहुणा नसता तर तुला हा दोष दिसला असता का? तीन दिवस मी हेच घोळवत बसलो. प्रश्न पुन्हा वाचला, शब्द पुन्हा मोजले. साठच होते. माझ्यासारख्या माणसाला स्वतःवर विश्वास नसला की तो कडक होतो. कडक झालं की निदान कुणी लबाड म्हणत नाही. चौथ्या दिवशी मी लिहिलं: 'उत्तर उपलब्ध माहितीच्या चौकटीत द्यावयाचे असते. प्रश्नात नसलेली परिस्थिती गृहीत धरता येणार नाही. उत्तरसूची योग्य आहे.'

वाक्यं निर्दोष होती. मंडळाने ती जशीच्या तशी त्याला पाठवली.

वर्ष संपलं. पेढीने त्याला काढलं नाही, माणसं चांगली होती. त्याचा पासवर्ड बंद केला आणि त्याला रक्तदात्यांच्या काउंटरवर बसवलं. त्याच्या जागी प्रमाणपत्रवाली एक मुलगी आली. रविवारी तो पूर्वीसारखाच यायचा, जेवायचा, ताईशी थट्टा करायचा. पेढीतलं मात्र काही सांगायचा नाही.

"काय रे, काम कसं आहे?" बायको विचारायची.

"चाललंय."

असे सात-आठ रविवार गेले. शेवटी एका सकाळी मी बसने रक्तपेढीत गेलो. एवढ्या वर्षांत मी तिथे कधीच गेलो नव्हतो. त्याच्या गोष्टींवरून मला ती मोठी वाटत होती. प्रत्यक्षात एक लांबट खोली, भिंतीला लागून गुरगुरणारे तीन फ्रिज, काचेपलीकडे दोन टेबलं, आणि दाराशी काउंटर. धाकटा तिथे बसून एका तरुणाला विचारत होता, "रात्री झोप झाली का? काही खाऊन आलात? गेल्या तीन महिन्यांत कुठे रक्त दिलंत?" उत्तरं तो हाताने फॉर्मवर लिहीत होता. त्याच्यापुढे कम्प्युटर नव्हता.

मला पाहून तो उठला. "अरे! भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तिला माहीत नाही मी इथे आलोय."

तरुण आत गेला. धाकट्याने मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. पहिलंच वाक्य चुकलं.

"अरे, तो प्रश्न, तुझ्या परीक्षेतला..."

"तुमचा होता."

मी खुर्ची थोडी त्याच्याजवळ ओढली.

"तिथेच कळलं. ती गोष्ट आणखी कुणाला माहीत होती? साहेब गेले, बाई गेल्या." त्याने पेनाचं टोपण लावलं. "मला वाटलं, भाऊजींनी माझ्यासाठी ठेवलाय. उघड बोलता येत नाही म्हणून असं. मी वाचला आणि हसलोच. पुढचे पर्याय बघितलेसुद्धा नाहीत."

फ्रिज गुरगुरत होते.

"ते पत्रही मीच लिहिलं," मी म्हणालो.

"तेही कळलं. 'उपलब्ध माहितीच्या चौकटीत' असं तुमच्याशिवाय कोण लिहितं?" तो थोडासा हसला. "पण उत्तर दुसरंच बरोबर आहे, भाऊजी. हे मी मनापासून सांगतोय. ही मुलगी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय एक ओळ बदलत नाही. तसंच हवं. माझं त्या दिवशी नशीब चांगलं होतं. थरथरत्या बोटांनी आणखी एखादी चूक झाली असती तर?"

"मग हरकत का घेतलीस?"

काउंटरवरचे फॉर्म त्याने एकसारखे करून ठेवले, मग पुन्हा विस्कटले.

"वाटलं, जो कोणी वाचेल तो विचारेल तरी. की बाबा, असं का लिहिलंस, खाली कोण होतं. एवढंच. सव्वीस वर्षांत एकदा कुणीतरी नीट विचारावं असं वाटलं. नापास का करेनात मग."

"मला माहीत होतं खाली कोण होतं," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच लागलं ते."

मी मंडळाला आता पत्र लिहितो, सगळं कळवतो, प्रश्न रद्द करायला सांगतो, असं काहीबाही मी बोलू लागलो. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मुदत संपली, भाऊजी. तुमचाच नियम आहे. परीक्षेला पुन्हा नाही बसणार मी, तेवढं नाही आता माझ्यात. आणि हे बघा, ताईला सांगू नका. तिला मग आपल्यातला एक निवडावा लागेल."

काचेपलीकडून हाक आली. "काका, जरा येता? हे फेब्रुवारीचं कोष्टक..."

"आलो." तो उठला. आत जाऊन तो त्या मुलीच्या खुर्चीमागे उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. वाकून, हनुवटीने तो तिला पडद्यावरची जागा दाखवू लागला. ती लिहायची, तो मान हलवायचा. एकदा त्याचा एक हात सुटून पुढे आला, कळफलकापर्यंत, आणि तसाच परत गेला.

मी त्याच्या काउंटरशी बसून होतो. जिन्यावरून एक मध्यमवयीन गृहस्थ आले, बाही वर करतच.

"रक्त द्यायचंय. कुणाला भेटायचं?"

"येतील ते आत्ता," मी म्हणालो. "आत आहेत."

ते थांबले. फॉर्मांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही इथलेच ना? फॉर्म तुम्हीच भरून घ्या की."

"नाही हो," मी म्हणालो, "मला त्यातलं काही येत नाही," आणि त्यांना बसायला खुर्ची मोकळी करून दिली.